असगर अली इंजिनिअर

असगर अली इंजिनिअर (१० मार्च, इ.स. १९३९ - १४ मे, इ.स. २०१३) हे भारतीय विचारवंत, इस्लामचे अभ्यासक, दाऊदी बोहरा समाजातील सुधारणा चळवळीचे नेते आणि जातीय दंगलींचे संशोधक होते. शिक्षणाने ते स्थापत्य अभियंता होते आणि त्यांचे बहुतांश संशोधन विद्यापीठाबाहेर राहूनच झाले. मुंबईच्या सांताक्रूझ या उपनगरात त्यांचे वास्तव्य व कार्यालय होते. धर्म आणि राजकारण यांच्या परस्परसंबंधांवरील संशोधन विद्वानांच्या वर्तुळापुरते न ठेवता ते शिक्षक, पोलीस अधिकारी, कार्यकर्ते आणि सर्वसामान्य वाचक यांच्यापर्यंत पोहोचवणे हे त्यांच्या कार्याचे मुख्य वैशिष्ट्य मानले जाते. त्यासाठी त्यांनी इ.स. १९८० मध्ये 'इन्स्टिट्यूट ऑफ इस्लामिक स्टडीज' आणि इ.स. १९९३ मध्ये 'सेंटर फॉर स्टडी ऑफ सोसायटी अँड सेक्युलॅरिझम' या संस्था मुंबईत स्थापन केल्या. इ.स. २००४ मध्ये त्यांना स्वामी अग्निवेश यांच्यासह राइट लाइव्हलीहूड पुरस्कार देण्यात आला.

प्रारंभिक जीवन

इंजिनिअर यांचा जन्म राजस्थानातील सलुंबर येथे झाला. त्यांचे वडील शेख कुर्बान हुसेन हे बोहरा समाजाचे आमिल, म्हणजे धर्मगुरूंचे स्थानिक प्रतिनिधी होते. कुराणाचे भाष्य, हदीस, इस्लामी धर्मशास्त्र आणि अरबी भाषा यांचे शिक्षण त्यांना वडिलांकडूनच मिळाले. पुढे धर्मसत्तेशी संघर्ष करताना धर्मग्रंथांचे मूळ भाषेतील हे ज्ञान त्यांच्या उपयोगी पडले.

उज्जैनच्या विक्रम विद्यापीठातून त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. ते विद्यार्थी असतानाच इ.स. १९६१ मध्ये जबलपूर येथे मोठी दंगल झाली. स्वातंत्र्यानंतर फाळणीच्या जखमा भरून येत आहेत असे वाटत असताना घडलेल्या या दंगलीमुळे आपण या विषयाच्या अभ्यासाकडे वळलो, असे त्यांनी नमूद केले आहे. शिक्षण संपल्यावर ते मुंबईत आले आणि मुंबई महानगरपालिकेत अभियंता म्हणून रुजू झाले. तेथे सुमारे वीस वर्षे सेवा केल्यानंतर त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली व उर्वरित आयुष्य लेखन आणि सामाजिक कार्यासाठी दिले.

बोहरा सुधारणा चळवळ

दाऊदी बोहरा हा शिया इस्लामच्या इस्माईली शाखेतील एक पंथ आहे. पंथाचे प्रमुख 'दाई अल-मुत्लक' यांना अनुयायी 'सय्यदना' असे संबोधतात. प्रौढ झालेल्या प्रत्येक अनुयायाकडून निष्ठेची शपथ घेतली जाते. तिला 'मिसाक' म्हणतात. विवाह, दफन यांसारख्या विधींसाठी धर्मगुरूंची अनुमती, म्हणजे 'रझा' आवश्यक असते. आज्ञाभंग करणाऱ्यास बहिष्कृत करण्याच्या प्रथेला 'बरात' असे नाव आहे. बहिष्कृत व्यक्तीशी नातेवाइकांनाही संबंध ठेवता येत नाहीत आणि मृत्यूनंतर समाजाच्या दफनभूमीत तिला जागा नाकारली जाते, असे सुधारकांचे म्हणणे होते.

या प्रथेविरुद्ध तत्कालीन मुंबई राज्याने इ.स. १९४९ मध्ये बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला होता. ५१वे दाई सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले. इ.स. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. धार्मिक कारणांसाठी बहिष्कृत करण्याचा अधिकार हा पंथाच्या धर्मविषयक व्यवस्थापनाचा भाग असून त्याला संविधानाच्या अनुच्छेद २६ चे संरक्षण आहे, असे बहुमताचे मत होते. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी मात्र वेगळा निकाल देऊन हा कायदा वैध मानला.

या निकालानंतर सुधारकांना कायद्याचा आधार उरला नाही. इ.स. १९७०च्या दशकाच्या आरंभी उदयपूर येथील बोहरा तरुणांनी धर्मगुरूंच्या मर्जीविरुद्ध सार्वजनिक जीवनात भाग घेतला, त्यातून तेथे उघड संघर्ष सुरू झाला. इंजिनिअर इ.स. १९७२ पासून या चळवळीत पुढे आले. इ.स. १९७७ मध्ये उदयपूर येथे भरलेल्या जागतिक दाऊदी बोहरा परिषदेत त्यांची सरचिटणीसपदी निवड झाली.

त्याच सुमारास जयप्रकाश नारायण यांच्याशी संबंधित 'सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी' या संघटनेने निवृत्त न्यायमूर्ती नरेंद्र नथवाणी यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी आयोग नेमला. बोहरा सुधारकांच्या मानवी हक्कांचे उल्लंघन होते काय, याची तपासणी करणे हा त्याचा उद्देश होता. आयोगाचा अहवाल इ.स. १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी इंजिनिअर यांचा 'द बोहराज' हा ग्रंथ प्रकाशित झाला. पंथाचा इतिहास, त्याची आर्थिक घडण आणि सुधारणेचा संघर्ष यांची मांडणी त्यात आहे.

इंजिनिअर यांचा विरोध धर्मश्रद्धेला नव्हता. धर्मगुरूंचे धार्मिक नेतृत्व सुधारकांना मान्य आहे, परंतु अनुयायांच्या ऐहिक जीवनावरील नियंत्रण आणि वसूल केल्या जाणाऱ्या निधीचा हिशोब न देणे मान्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. धर्मगुरूंच्या समर्थकांनी ही मांडणी नाकारली. ज्यांना पंथाची शिस्त मान्य नाही त्यांनी पंथात राहण्याचा आग्रह का धरावा, असा त्यांचा प्रतिवाद होता.

या भूमिकेमुळे इंजिनिअर यांना बहिष्काराला तोंड द्यावे लागले आणि त्यांच्यावर अनेकदा शारीरिक हल्ले झाले. १३ फेब्रुवारी, इ.स. २००० रोजी मुंबई विमानतळावर त्यांना मारहाण झाली आणि त्यानंतर सांताक्रूझ येथील त्यांच्या घराची व कार्यालयाची मोडतोड करण्यात आली. या घटनेचा देशभरातील अनेक लेखक व कार्यकर्त्यांनी निषेध केला.

जातीय दंगलींचे संशोधन

इंजिनिअर यांनी स्वातंत्र्योत्तर काळातील अनेक दंगलींचा प्रत्यक्ष घटनास्थळी जाऊन अभ्यास केला. बिहार शरीफ (१९८१), मीरत, भिवंडी व मुंबई (१९८४), भागलपूर (१९८९), मुंबई (१९९२-९३) आणि गुजरात (२००२) येथील दंगलींवर त्यांचे लेखन उपलब्ध आहे. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या साप्ताहिकातून त्यांचे अनेक अहवालवजा लेख प्रसिद्ध झाले.

दंगलीचे तात्कालिक कारण आणि तिची खरी कारणे यांत ते भेद करत. मिरवणुकीचा मार्ग, मशिदीसमोरील वाद्ये, प्रार्थनास्थळाची विटंबना झाल्याची अफवा किंवा दोन व्यक्तींमधील भांडण हे निमित्त असते. त्या निमित्ताला दंगलीचे रूप का येते याचे उत्तर मात्र त्या गावाच्या अर्थकारणात, निवडणुकीच्या राजकारणात आणि प्रशासनाच्या वर्तनात शोधावे लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मुरादाबादची पितळी भांडी, अलिगढची कुलुपे, भिवंडीचे यंत्रमाग अशा उद्योगांमध्ये मुस्लिम कारागिरांपैकी काही जण स्वतः उत्पादक व व्यापारी बनू लागले. त्यातून निर्माण झालेल्या स्पर्धेकडे त्यांनी लक्ष वेधले.

त्यांच्या विवेचनातील दुसरे सूत्र धर्म आणि जमातवाद यांच्यातील फरकाचे होते. धर्म ही श्रद्धेची व मूल्यांची बाब आहे, तर जमातवाद म्हणजे सत्तेसाठी व हितसंबंधांसाठी धार्मिक ओळखीचा केलेला वापर, असे ते मानत. जमातवाद ही मध्ययुगाची देणगी नसून वसाहतकाळात सत्तेतील वाट्याच्या स्पर्धेतून वाढलेली आधुनिक घटना आहे, अशी त्यांची मांडणी होती. यामुळे धार्मिक माणूस हा धर्मनिरपेक्षतेचा स्वाभाविक विरोधक ठरत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

दंगलींच्या कारणांविषयी पुढील काळात अन्य सिद्धान्तही पुढे आले. आशुतोष वार्ष्णेय यांनी इ.स. २००२ मधील ग्रंथात दोन्ही समाजांना जोडणाऱ्या नागरी संस्थांच्या असण्या-नसण्यावर भर दिला. पॉल ब्रास यांनी इ.स. २००३ मध्ये दंगली घडवून आणणाऱ्या संस्थात्मक यंत्रणेची कल्पना मांडली, तर स्टीव्हन विल्किन्सन यांनी इ.स. २००४ मध्ये निवडणुकीतील लाभहानीच्या गणिताकडे लक्ष वेधले. या तिघांच्याही आधी इंजिनिअर यांनी प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेली माहिती संकलित करण्यास प्रारंभ केला होता.

मुंबईतील दंगली आणि संस्थेची स्थापना

६ डिसेंबर, इ.स. १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ अशा दोन टप्प्यांत दंगली झाल्या. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांत ९०० व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ५७५ मुस्लिम व २७५ हिंदू होते. दक्षिण व मध्य मुंबईबरोबरच जोगेश्वरी, घाटकोपर, गोवंडी-देवनार आणि वांद्रे पूर्वेतील बेहरामपाडा हे उपनगरी भागही दंगलग्रस्त होते. दंगलीनंतर अनेक कुटुंबांनी आपापल्या समाजाची वस्ती अधिक असलेल्या भागांत स्थलांतर केले. त्यामुळे शहरातील मिश्र वस्ती कमी होत गेली.

या पार्श्वभूमीवर इ.स. १९९३ मध्ये सांताक्रूझ (पूर्व) येथे 'सेंटर फॉर स्टडी ऑफ सोसायटी अँड सेक्युलॅरिझम' ही संस्था सुरू झाली. संस्थेच्या कार्याचे पुढील प्रकार सांगता येतात.

• संशोधन व नोंद: वृत्तपत्रांतील बातम्यांच्या आधारे देशातील जातीय हिंसेच्या घटनांचा वार्षिक आढावा घेतला जातो. निवडक घटनांच्या ठिकाणी सत्यशोधन पथक पाठवून पीडित, पोलीस, स्थानिक नेते व पत्रकार यांच्याशी बोलून अहवाल तयार केले जातात.

• प्रशिक्षण: महाविद्यालयीन विद्यार्थी, शिक्षक, कार्यकर्ते आणि पोलीस यांच्यासाठी कार्यशाळा घेतल्या जातात. भारतीय इतिहासाविषयीचे प्रचलित समज, जमातवादाचे स्वरूप, संविधानातील मूल्ये आणि संघर्ष निवारण हे त्यांतील नेहमीचे विषय आहेत.

• प्रकाशने: 'इंडियन जर्नल ऑफ सेक्युलॅरिझम' हे अभ्यासपूर्ण नियतकालिक आणि 'सेक्युलर पर्स्पेक्टिव्ह' ही लेखमाला. यांपैकी दुसरी सर्वसामान्य वाचकांसाठी असून तिच्यातील लेख निरनिराळ्या वृत्तपत्रांना पुनर्मुद्रणासाठी उपलब्ध करून दिले जात.

• संवाद: विविध धर्मांचे अभ्यासक व अनुयायी यांच्यात चर्चासत्रे.

वार्षिक आढाव्याच्या पद्धतीला काही मर्यादा आहेत. ज्या घटनेची बातमी होत नाही ती नोंदीत येत नाही, तसेच 'जातीय घटना' कोणती मानावी याच्या व्याख्येनुसार आकडे बदलतात. शासकीय आकडेवारीशी या नोंदी जुळत नाहीत, त्याचे हेही एक कारण आहे. तथापि शासकीय आकडेवारीची पडताळणी करण्यासाठी स्वतंत्र साधन म्हणून पत्रकार व अभ्यासक तिचा उपयोग करतात.

मुंबईच्याच पवई उपनगरातील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन करणारे राम पुनियानी यांनी इ.स. २००४ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली व ते पूर्णवेळ या प्रकारच्या लोकशिक्षणाकडे वळले. ते या संस्थेच्या कार्याशी निगडित राहिले. इंजिनिअर यांचे पुत्र व वकील इरफान इंजिनिअर यांनी पुढे संस्थेच्या संचालकपदाची धुरा सांभाळली.

इस्लामचा अन्वयार्थ

कुराणातील वचनांचे इंजिनिअर यांनी दोन गटांत विभाजन केले. न्याय, करुणा, समता व विवेक ही मूल्ये सांगणारी वचने त्यांच्या मते सर्वकालीन आहेत. सातव्या शतकातील अरबी समाजाच्या परिस्थितीला उद्देशून असलेली वचने संदर्भसापेक्ष आहेत. दोहोंत विसंगती दिसल्यास मूल्यांना प्राधान्य द्यावे, असे त्यांचे मत होते. बहुपत्नीत्वाच्या प्रश्नावर ते या पद्धतीचा उपयोग करत. एकाहून अधिक विवाहांची अनुमती सर्व पत्नींना समान न्याय देण्याच्या अटीवर आहे आणि असा न्याय पुरुषाला शक्य होणार नाही असे त्याच अध्यायात पुढे म्हटले आहे; म्हणून कुराणाचा कल एकपत्नीत्वाकडे आहे, असे ते दाखवून देत.

शाहबानो खटल्यात २३ एप्रिल, इ.स. १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला पोटगीचा हक्क दिला. त्यावरून देशभर वाद निर्माण झाला आणि इ.स. १९८६ मध्ये संसदेने नवा कायदा केला. इंजिनिअर यांनी पोटगीच्या हक्काचे इस्लामच्याच आधारे समर्थन केले व या वादातील विविध बाजूंचे लेखन 'द शाहबानो कॉन्ट्रोव्हर्सी' (१९८७) या संपादित ग्रंथात एकत्र आणले. स्त्रियांच्या हक्कांवरील त्यांचा 'द राइट्स ऑफ विमेन इन इस्लाम' (१९९२) हा ग्रंथ विशेष प्रसिद्ध आहे. एका दमात दिल्या जाणाऱ्या तिहेरी तलाकला त्यांचा विरोध होता आणि मुस्लिम व्यक्तिगत कायदा संहिताबद्ध करावा, असा त्यांचा आग्रह होता. सर्वोच्च न्यायालयाने असा तलाक २२ ऑगस्ट, इ.स. २०१७ रोजी, त्यांच्या निधनानंतर, रद्दबातल ठरवला.

महाराष्ट्रातील मुस्लिम सुधारणेच्या संदर्भात त्यांची तुलना हमीद दलवाई यांच्याशी केली जाते. दलवाई यांनी इ.स. १९६६ मध्ये मुंबईत मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला आणि २२ मार्च, इ.स. १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. सुधारणेसाठी त्यांनी धर्मग्रंथांचा आधार घेतला नाही. संविधान, समान नागरी कायदा आणि बुद्धिवाद हे त्यांचे आधार होते. इंजिनिअर यांनी श्रद्धावान मुस्लिमांशी त्यांच्याच धर्मग्रंथाच्या भाषेत संवाद साधण्याचा मार्ग स्वीकारला. तिहेरी तलाक व बहुपत्नीत्व यांच्या विरोधात मात्र दोघेही उभे होते.

टीका

इंजिनिअर यांच्या विचारांवर परस्परविरोधी दिशांनी टीका झाली. परंपरावादी उलेमांनी त्यांचा कुराणाचा अर्थ लावण्याचा अधिकारच अमान्य केला. हिंदुत्ववादी टीकाकारांनी त्यांचे दंगलविषयक लेखन एकांगी असल्याचा आक्षेप घेतला. धर्मग्रंथाच्या आधारे सुधारणा मागितल्याने अंतिमतः धर्मग्रंथाचेच प्रामाण्य दृढ होते, असा आक्षेप बुद्धिवादी गोटातून घेतला गेला. दंगलींच्या विश्लेषणात आर्थिक घटकांना दिलेले महत्त्व सर्वत्र लागू पडत नाही, असेही काही अभ्यासकांचे मत आहे. एकाच प्रकारची आर्थिक स्पर्धा असूनही काही शहरे शांत राहतात, याचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही.

पुरस्कार व सन्मान

• इ.स. १९९३ - कलकत्ता विद्यापीठाची सन्माननीय डी.लिट. पदवी
• इ.स. १९९७ - राष्ट्रीय सांप्रदायिक सद्भाव पुरस्कार
• इ.स. २००४ - राइट लाइव्हलीहूड पुरस्कार, स्वामी अग्निवेश यांच्यासह. 'पर्यायी नोबेल' म्हणून ओळखला जाणारा हा पुरस्कार स्टॉकहोम येथे प्रदान केला जातो.

निधन व उत्तरकाळ

दीर्घ आजारानंतर १४ मे, इ.स. २०१३ रोजी सांताक्रूझ येथील निवासस्थानी त्यांचे निधन झाले. जन्माने दाऊदी बोहरा असलेल्या इंजिनिअर यांचे दफन सांताक्रूझ येथील सुन्नी मुस्लिम दफनभूमीत करण्यात आले. त्यांच्या स्मरणार्थ संस्थेतर्फे स्मृतिव्याख्याने आयोजित केली जातात.

त्यांनी ज्या प्रथेविरुद्ध आयुष्यभर लढा दिला तिच्याविषयीचा कायदेशीर प्रश्न त्यांच्या निधनानंतरही प्रलंबित राहिला. इ.स. १९६२ च्या निकालाचा फेरविचार व्हावा यासाठी सेंट्रल बोर्ड ऑफ दाऊदी बोहरा कम्युनिटी या सुधारकांच्या संस्थेने इ.स. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. दरम्यान महाराष्ट्र विधिमंडळाने जात पंचायतींच्या मनमानीच्या पार्श्वभूमीवर इ.स. २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला; तो इ.स. २०१७ पासून लागू आहे. १० फेब्रुवारी, इ.स. २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने बोहरा समाजातील बहिष्काराचा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. पंथाचा आपले व्यवहार चालवण्याचा अधिकार आणि व्यक्तीचा प्रतिष्ठेने जगण्याचा अधिकार यांपैकी कोणता श्रेष्ठ, हा या प्रकरणातील मूळ प्रश्न आहे.

निवडक ग्रंथसंपदा

इंजिनिअर यांच्या नावावर पन्नासहून अधिक लिखित व संपादित पुस्तके आहेत. त्यांपैकी काही पुढीलप्रमाणे.

• द बोहराज (१९८०)
• द ओरिजिन अँड डेव्हलपमेंट ऑफ इस्लाम (१९८०)
• कम्युनल रायट्स इन पोस्ट-इंडिपेन्डन्स इंडिया (संपादित, १९८४)
• भिवंडी-बॉम्बे रायट्स (१९८४)
• द शाहबानो कॉन्ट्रोव्हर्सी (संपादित, १९८७)
• इस्लाम अँड लिबरेशन थिऑलॉजी (१९९०)
• द राइट्स ऑफ विमेन इन इस्लाम (१९९२)
• द गुजरात कार्नेज (संपादित, २००३)
• अ लिव्हिंग फेथ (आत्मचरित्र, २०११)